नर कोळंबीची निगा

तळ्यात सोडायचे कोळंबीचे बी बीजकेंद्रात तयार होते. तिथे नर-मादी टाक्यांत ठेवतात. २००९ पासून आपल्या देशात व्हॅनामी कोळंबी पाळायला परवानगी आहे. तिचीच गोष्ट बघू.

मादी एका रात्रीत लाखाच्यावर अंडी टाकते. त्याआधी नर तिच्या अंगाला वीर्याची गाठ चिकटवतो. गाठ चांगली, तर अंडी फळतात. टाकीतल्या नराची गाठ कधी कधी काळी पडते, वीर्य मरते. मग सारी अंडी वाया! केंद्राचे नुकसान होते, अन् आपल्याला वेळेवर बी मिळत नाही.

यावर संप्रेरकाचा उपाय करून बघतात. शब्द मोठा, पण अर्थ सोपा. अंगातल्या ग्रंथीचा रस रक्तातून दुसऱ्या अवयवाला निरोप देतो. तो रस म्हणजे संप्रेरक. नराच्या शेवटच्या पायांच्या मुळाशी अशी ग्रंथी असते. ती म्हणते, ‘वीर्य तयार कर.’ डोळ्याच्या दांड्यातला रस म्हणतो, ‘थांब.’ म्हणून तर मादीचा एक डोळा कापतात. आम्हांला ते क्रूर वाटते.

नराला संप्रेरक टोचून, खाद्यातून देऊन शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आहेत. पण पाणी ३२ अंशांवर तापले, तर वीर्य बिघडतेच. तिथे सुई काय करणार? आधी पाणी थंड हवे, अन् खायला ताजे माकूळ, समुद्रातले किडे.

हे सारे काम बीजकेंद्राचे. आपल्या तळ्यात असले औषध टाका, असे कोणी सांगितले तर पैसे देऊ नका. तळ्यातली कोळंबी आपण विकायला वाढवतो, अंडी घ्यायला नाही.