विद्यापीठाचे हिरवे आवार : रिकामी जमीन की शिक्षणाची जागा?

बालाघाट जिल्ह्याचे निम्म्याहून अधिक क्षेत्र वनाखाली आहे. साज, बिजा, मोह, तेंदू आणि बांबू यांची येथे वाण नाही. अशा जिल्ह्यात महाविद्यालयाच्या आवारातील झाडांचे महत्त्व सांगणे म्हणजे वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यास पाण्याची महती सांगणे होय, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. परंतु अरण्य आणि आवार यांची कामे वेगळी आहेत. अरण्यात झाडे असतात. आवारात त्या झाडांची ओळख होते. वनोपज गोळा करणाऱ्या कुटुंबातील मुलगा पदवीधर होतो, तेव्हा आजोबांना ठाऊक असलेली पन्नास झाडांची नावे त्याला सांगता येत नाहीत, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही.

ही गोष्ट या भूभागातील जुन्या संस्थांनी ओळखली होती. १९५६ पूर्वी बालाघाट व नागपूर एकाच प्रांतात होते. नागपूरच्या कृषि महाविद्यालयाची स्थापना १९०६ मधील. भोसल्यांच्या काळातील महाराजबाग आणि शहराच्या ऐन मध्यभागी असलेली शेते त्याच्याशी जोडलेली आहेत. बालाघाट येथे वनकर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे आणि वारासिवनीजवळ मुरझड प्रक्षेत्रावर कृषि महाविद्यालय चालते. भाताची बांधी ही तेथील हिरवळच होय. २०२१ मध्ये बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले. तो तांदूळ ज्या मातीत पिकतो तीच माती पायाखाली असताना शेतीचे शिक्षण केवळ फळ्यावर देण्याचे कारण नाही.

या विषयाचे मराठी मुलखातील ठळक उदाहरण मात्र कोल्हापूरचे. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झाले. डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू. विद्यापीठास ८५३ एकर जमीन लाभली. ती शहराबाहेरील उंचवट्याची, बहुतांशी उघड्या माळाची. आज तेथे दाट झाडी आहे व मोरांचा वावर आहे. पाहुण्याच्या नजरेत प्रथम झाडी भरते, परंतु खरे काम पाण्याचे आहे. माळावर पडलेला पाऊस पूर्वी उताराने वाहून जाई. आवारातील तलावांत व तळ्यांत तो अडविला गेला. झाडांच्या मुळांनी माती धरली, पालापाचोळ्याने ती सच्छिद्र केली आणि पाणी जमिनीत मुरू लागले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहराचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा याच आवारातून नागरिकांना पाणी पुरविण्यात आले. ज्या जमिनीवर इमारत नाही ती निरुपयोगी, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य लक्षात घ्यावा.

त्याच आवारातील वनस्पतिउद्यानात कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती जतन केल्या आहेत. डॉ. एस. आर. यादव व त्यांच्या सहकाऱ्यांचे हे कार्य वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांत सुपरिचित आहे. कंदीलपुष्प ही डोंगरउतारावर, गवतात वाढणारी नाजूक वनस्पती. तिचे फूल लहान माशीस आत कोंडून धरते, पराग तिच्या अंगी लागल्यावर यथावकाश सोडते. कंद खाण्याजोगा असल्याने तो खणला जातो, आणि कंद गेला की झाड गेले. अशा वनस्पतीला डोंगरावर आधार उरला नाही तर विद्यापीठाच्या वाफ्यातील रोपे हीच तिची शिल्लक ठरते. शोभेच्या हिरवळीकडून हे काम होणार नाही. कातरलेली लॉन दिसावयास सुबक असते. तथापि ती पाणी पिते फार आणि शिकविते थोडे.

प्रश्न जमिनीचा आहे. आराखड्यात मोकळा दिसणारा तुकडा कोणाच्याही नजरेत भरतो. कधी नव्या वसतिगृहासाठी, कधी वाहनतळासाठी, कधी रस्त्यासाठी. या गरजाही खोट्या नसतात. हैदराबाद विद्यापीठालगत कांचा गचीबावली येथील सुमारे ४०० एकर झाडीच्या जमिनीवर मार्च २०२५ अखेर यंत्रे चालू लागली. विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविली. जमिनीची मालकी कोणाची, हा वेगळा वाद होय. झाडांची गणना, पक्ष्यांच्या नोंदी आणि पाण्याचे मार्ग यांची वही आधीच तयार असेल, तर अशा वेळी बोलणाऱ्याच्या हाती काही तरी असते. नोंद नसलेले झाड कागदावर नसतेच.

ही वही कोणतेही महाविद्यालय, किंबहुना गावची माध्यमिक शाळाही ठेवू शकते. प्रत्येक झाडास क्रमांक द्यावा, घेर मोजावा, फुलोऱ्याचा महिना लिहावा. नामफलकावर केवळ शास्त्रीय नाव पुरेसे नाही. कोल्हापूरकडे ज्याला ऐन म्हणतात तोच बालाघाटचा साज, आणि शास्त्राच्या भाषेत टर्मिनॅलिया. ही नावे शेजारी शेजारी असली तर मराठी, हिंदी, पोवारी व गोंडी बोलणारी मुले एकाच झाडाखाली उभी राहून एकमेकांचे शब्द शिकतील. गोंडी नावे वर्गातील मुलांच्या आजीकडून मिळवावीत. ती ग्रंथालयात सापडतीलच असे नाही.

लागवडीबाबत एक सूचना. पावसाळ्यात रोप लावण्याचा समारंभ सर्वत्र होतो, छायाचित्रही निघते. रोपाची परीक्षा मात्र त्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत असते, आणि नेमक्या त्याच वेळी महाविद्यालयास सुटी असते. म्हणून एप्रिल ते जून या काळात पाणी कोण घालणार, त्याचे नाव व वार ठरल्याखेरीज खड्डा खणू नये. वाळलेली पाने पेटवून देण्याची पद्धतही बंद करावी. तीच पाने रोपाच्या बुडाशी पसरली तर ओल टिकते आणि पाण्याची एखादी पाळी वाचते.