बिनतारी प्रिंटरचा पत्ता



वाशीम जिल्ह्यात, अकोला-पूर्णा लोहमार्गावर जऊळका हे गाव आहे. तेथे माझ्या थोरल्या बंधूंचे घर आहे. घर एक, पण चुली दोन. पुढच्या भागात बंधू राहतात, मागच्या भागात चुलतबंधू. इंटरनेटची जोडणी मात्र दोघांत मिळून एकच. तिचा राऊटर पुढच्या खोलीत आणि दोघांच्या सामाईक वापराचा बिनतारी प्रिंटर मधल्या खोलीत.

एका रात्री मी तेथे मुक्कामाला होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीची वाशीमला प्रवेश परीक्षा होती. प्रवेशपत्र संगणकाच्या पडद्यावर दिसत होते, पण कागदावर उतरेना. प्रिंटर ‘ऑफलाइन’ आहे, एवढेच संगणक सांगत होता. गावातील झेरॉक्सची दुकाने बंद झालेली आणि संगणकाला प्रिंटर जोडण्याची तार घरात सापडेना. घरात पदार्थविज्ञान शिकवणारा मी एकटा, तेव्हा सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

मी म्हटले, “लहरी पोचत नसतील.” प्रिंटर उचलून राऊटरशेजारी आणून ठेवला. काही उपयोग झाला नाही. दिशा बदलली, तोही प्रयत्न वाया गेला. असा तासभर गेल्यावर लक्षात आले, की वर्गात जी चूक करू नका म्हणून सांगतो, तीच मी करीत होतो. मोजमाप न करता निदान केले होते. मग कागद घेऊन क्रमाने तीन प्रश्न लिहिले.

पहिला प्रश्न : लहर पोचते काय?

राऊटर आणि प्रिंटर यांच्यामध्ये तार नसली, तरी विद्युतचुंबकीय लहरी असतात. घरगुती प्रिंटर बहुधा २.४ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या पट्ट्यात काम करतात. तरंगलांबी म्हणजे वेग भागिले वारंवारता, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला २४० कोटींनी भागले, की ०.१२५ मीटर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर ही तरंगलांबी मिळते. तुमची वीतही याहून थोडी मोठीच असेल!

या लहरी टिनाच्या पत्र्यावर आपटून परत फिरतात. जाड भिंतीत त्यांचा काही भाग शोषला जातो. पाण्याची टाकी तर त्यांची मोठी शत्रू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की तीव्रता चौथाई होते. म्हणून राऊटर कपाटात किंवा कोपऱ्यात न ठेवता घराच्या मध्यावर, थोडा उंच ठेवावा.

याच राऊटरचा ५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टाही असतो. पुष्कळ प्रिंटरांना तो समजत नाही. म्हणून प्रिंटर प्रथम जोडताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे नाव निवडावे. पुढे फोन ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला, तरी बहुधा बिघडत नाही, कारण मधला राऊटर दोघांमध्ये दुभाष्याचे काम करतो.

एकेकाळी आपल्याकडे घरी रेडिओ ऐकण्यासाठीसुद्धा पोस्टातून परवाना घ्यावा लागत असे. वाय-फाय मात्र आपण परवान्यावाचून वापरतो, कारण कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारत सरकारने २००५ साली परवानामुक्त केला.

असो. आमच्या प्रिंटरवरचा वाय-फायचा निळा दिवा स्थिर जळत होता. म्हणजे लहर पोचत होती. मी तासभर दुरुस्त करीत होतो, ते मुळी बिघडलेलेच नव्हते!

दुसरा प्रश्न : प्रिंटरचा पत्ता कोणता?

लहर सर्व खोल्यांत पसरते. मग हा मजकूर प्रिंटरसाठी आहे, दूरदर्शन संचासाठी नाही, हे कसे ठरते? त्यासाठी जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला एक अंकी पत्ता असतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५. यातील प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ साली खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवण्यात आले. त्यामुळे तोच पत्ता तुमच्या घरीही असू शकेल आणि शेजाऱ्यांच्या घरीही. दोहोंचा गोंधळ होत नाही.

हे पत्ते राऊटर वाटतो, पण कायमचे नव्हे, काही मुदतीपुरते. शिवाय प्रत्येक उपकरणावर कारखान्यातच एक ओळखक्रमांक कोरलेला असतो. हा फरक जऊळक्याच्या स्थानकावर उभे राहिल्यास चटकन समजेल. मालगाडीच्या प्रत्येक वाघिणीवर अकरा अंकी क्रमांक रंगवलेला असतो. तो बदलत नाही. पण ती वाघीण आज इंजिनापासून पाचवी असेल, तर उद्या सातवी. ओळखक्रमांक म्हणजे वाघिणीवरचा क्रमांक आणि अंकी पत्ता म्हणजे तिची गाडीतील जागा.

तिसरा प्रश्न : संगणक कोणत्या पत्त्यावर पाठवतो?

मी प्रिंटरच्या पडद्यावरील यादीतून जाळ्याच्या माहितीचा कागद छापून घेतला. प्रिंटर छापू शकतो, हे त्यातून सिद्ध झालेच, आणि पत्ता मिळाला : शेवटचा आकडा ७. संगणकात मात्र नोंद होती ५ ची!

उलगडा झाला. दुपारी वीज गेली होती. ती परतल्यावर राऊटरने नव्याने वाटप केले. मागच्या घरातील दूरदर्शन संच आधी जागा झाला आणि ५ घेऊन बसला. प्रिंटरच्या वाट्याला ७ आला. संगणक बिचारा आमचे प्रवेशपत्र इमानाने दूरदर्शन संचाकडे पाठवीत होता. संगणकात ५ चे ७ केले आणि मिनिटभरात कागद बाहेर आला. पुतणी म्हणाली, “काका, एवढ्यासाठी प्रिंटर घरभर फिरवला?” मला उत्तर सुचले नाही.

कायमचा उपाय दुसऱ्या दिवशी केला. राऊटरच्या मागे छापलेला त्याचा पत्ता संगणकात टाकला, की त्याचे व्यवस्थेचे पान उघडते. तेथे पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. प्रिंटरचा ओळखक्रमांक लिहून ‘याला नेहमी हाच पत्ता’ असे नोंदवले. आता वीज दहा वेळा गेली, तरी प्रिंटरची जागा ठरलेली!

सामाईक जाळ्याची शिस्त

जाळ्यात आलेला कोणीही सहसा त्या प्रिंटरवर छापू शकतो, आणि प्रिंटरवर आपण आधार कार्ड, गुणपत्रिका असे कागद छापतो. म्हणून राऊटरचा मूळ संकेतशब्द बदलावा. पाहुण्यांसाठी राऊटरमध्ये वेगळे जाळे उघडता येते. त्यातून इंटरनेट मिळते, पण घरचा प्रिंटर बहुधा दिसत नाही. तो दोष समजू नये, तो मुद्दाम घातलेला कुंपणतार आहे. घरचे कोणी चुकून त्या जाळ्यात गेले, तर त्यालाही प्रिंटर दिसणार नाही, हे ध्यानात ठेवा.

करून पाहा

१. लहरींची तीव्रता डेसिबलमध्ये दाखवणारे साधन फोनमध्ये घ्या. राऊटरपासून १, २ आणि ४ मीटरवर मोजा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट होताना सुमारे ६ डेसिबल घट अपेक्षित आहे. घरात किती येते? फरक का पडतो?

२. मध्ये पत्र्याचा डबा, पाण्याने भरलेली बादली व पुस्तकांची चळत पाळीपाळीने ठेवून पुन्हा मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

३. घरातील मोठ्यांच्या परवानगीने राऊटरवरील उपकरणांची यादी पाहा. प्रत्येक पत्ता कोणाचा, ते ओळखा. अनोळखी पाहुणा आढळला, तर संकेतशब्द बदलण्याची वेळ आली आहे!