दीड मिलिमीटरची माशी

पलूसच्या त्या द्राक्ष बागायतदारापाशी रिव्हॉल्व्हरचा विषय काढला, की तो आधी दुकानदारावर घसरतो. हत्यार आजोबांचे, पुढे रीतसर त्याच्या परवान्यावर आलेले: स्मिथ अँड वेसन, .32 बोअर. नळीच्या टोकावरची, नेम धरायची अर्धगोल माशी तुटली होती. बाकी सगळे ठणठणीत.

किर्लोस्करवाडी शेजारीच. 1910 साली तिथे कारखाना उभा राहिल्यापासून लोखंड जाणणारी माणसे या पट्ट्यात घरोघर आहेत. त्यांतल्याच एका निवृत्त टर्नरने रिव्हॉल्व्हरला हात लावायला साफ नकार दिला, आणि ते योग्यच होते. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. 2019 च्या बदलानंतर विनापरवाना दुरुस्तीची शिक्षा किमान 7 वर्षे कैद आहे. पुराण्या वस्तूला कोण विचारतो, असे म्हणणारे भेटतातच. पण कलम 45 मधली सूट दुरुस्त करूनही बार निघणार नाही अशाच हत्याराला आहे. म्हणून हा गडी शहरातल्या परवानाधारक दुकानात गेला. नियमाने गेलो होतो, हे तो बोलता बोलता पुन्हा पुन्हा ऐकवतो.

दुकानातून रिव्हॉल्व्हर परत आले ते फडक्यात गुंडाळून. माशीच्या जागी पितळेचा तुकडा. तेवढे चालले असते. पण घरी उजेडात धरल्यावर नळीच्या टोकाची निळसर काळी झिलई उडालेली दिसली. तिथे जांभळे, तपकिरी पट्टे उमटले होते आणि तुकड्याच्या बुडाशी पितळेचे ओघळ थिजले होते. म्हणजे गॅसची ज्योत लावून पितळी डाग दिलेला! त्याला 800 अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते. एवढ्या तापात शंभरीच्या पोलादाचे पाणी उतरण्याची आणि नळीच्या तोंडात फरक पडण्याची धास्ती असते. ही गोष्ट बंदुका विकणाऱ्याला ठाऊक नसेल?

दुकानदार आधी म्हणाला, जुना माल असाच निघतो. मग कळले, काम बाहेरच्या वेल्डरकडे दिले होते. त्यावर कडी म्हणजे, कुंडल जवळच आहे तर हे स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रति सरकारच्या काळातले हत्यार म्हणून विका, चार पैसे जास्त येतील, असाही सल्ला त्याने दिला. त्या सरकारच्या, जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेचे नाव असे बाजारात काढलेले पाहून बागायतदाराचे डोके फिरले. माशीपेक्षा हेच त्याला जास्त झोंबले असावे.

दुसऱ्या परवानाधारक कारागिराने नळी तपासून दिल्यावरच परवानगीच्या रेंजवर गोळ्या झाडल्या. 10 मीटरवरून नेमाच्या 10 सेंमी वर लागल्या. टर्नरने हत्याराला न शिवता कागदावर हिशेब केला. माशी आणि मागची खाच यांत 15 सेंमी अंतर. 150 मिमी गुणिले 100, भागिले 10,000. उत्तर दीड मिलिमीटर. गोळी वर जाते म्हणजे माशी तेवढी बुटकी आहे, ती वाढवायची. पुष्कळ जण इथेच फसतात आणि कानस घेऊन ती आणखी घासतात.

त्यामुळे माशी नवी करताना मुद्दाम उंच ठेवून घ्यावी. घासून कमी करता येते, घासलेली वाढवता येत नाही. मूळची माशी पिनेने बसवलेली असेल, तर पीन ठोकून काढून त्याच खाचेत, त्याच जाडीच्या पोलादी पट्टीची नवी बसते. आगीचे कामच नाही. 1915 च्या वेब्ली मार्क सहाची माशी तर स्क्रूने निघते. अखंड नळीतूनच घडवलेली असेल आणि डागाशिवाय गत्यंतर नसेल, तर कथलाचा मऊ डाग साधारण 190 अंशांत वितळतो, तो चालेल का हे आधी विचारावे. काम कोणाच्या हातून होणार हे पावतीवर लिहून घ्यावे, हत्याराचा क्रमांकही. देण्यापूर्वी फोटो काढावेत. चांगले दुकान चौकशी करून निवडावे, हे तर आलेच. तुटलेला तुकडा मात्र कधीही दुकानात सोडू नये. आकार, जाडी, पिनेचे भोक सगळे त्यावरूनच मिळते. या बागायतदाराचा तुकडा दुकानदाराने फेकून दिला, आणि मजुरी पूर्ण घेतली. पैसे परत मागायला फोन केला की तो गिऱ्हाइकात असतो.