घरीच असते ना!
घरी राहून कमावणाऱ्या आईच्या कामाविषयी थोडा विचार

बँकेत खाते उघडण्याच्या अर्जात ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. माझ्या नोकरीतील कितीतरी वर्षे मी तो रकाना अनेक भगिनींसाठी भरून दिला आहे. ‘काय करता?’ असे विचारायचे, समोरच्या बाईंनी ‘काही नाही, घरीच असते’ म्हणायचे, आणि मी ‘गृहिणी’ असे लिहून पुढच्या रकान्याकडे वळायचे, असा शिरस्ता होता. एकदा अशाच एका बाई सही करीत असताना त्यांच्या बोटाकडे लक्ष गेले. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला सुईच्या टोचण्यांनी घट्टे पडले होते. चौकशी केली तेव्हा कळले, की त्या साड्यांना फॉल लावतात, ब्लाउज शिवतात आणि लग्नसराईत रात्री बारापर्यंत मशीन बंद होत नाही. मी ‘गृहिणी’ खोडून ‘शिवणकाम’ लिहू लागलो, तर त्याच म्हणाल्या, “राहू द्या साहेब, घरचे काय म्हणतील! मी घरीच असते ना!”

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण असे, की माझ्या स्वतःच्या घरी वेगळे काही नव्हते. माझी पत्नीही शिवणकाम करते. धाकटा मुलगा दीड वर्षाचा असताना तिचे काम जवळजवळ बंद पडले होते. गिऱ्हाइकांचे ब्लाउज वेळेवर जाईनात, एकीचे कापड चुकीचे बेतले गेले, ते भरून द्यावे लागले. तेव्हा मी तिला दिलेला सल्ला आज आठवला की संकोच वाटतो. मी म्हणालो होतो, ‘वेळेचे नियोजन कर.’ नियोजन करायला वेळ तिच्या ताब्यात होता की नाही, हे मात्र मी पाहिले नाही.

प्रस्तुत लेखात हाच विषय अभ्यासासाठी घेतला आहे. लहान मूल पदराशी असताना घरातूनच मिळकतीचे काम करणाऱ्या आईचे काम नीट आणि टिकाऊ कसे व्हावे? सल्ले देणारे पुष्कळ आहेत. परंतु महाराष्ट्रात हा प्रश्न प्रत्यक्ष सोडवून दाखविणाऱ्या स्त्रिया होऊन गेल्या आहेत. त्यांनी कामाची मांडणी कशी केली, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

‘लिज्जत पापड’ हे नाव सर्वांना ठाऊक आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती स्त्रिया पापड लाटायला बसल्या. भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवसाचे उत्पादन चार पाकिटे. या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, आणि संस्थेच्या सभासद भगिनींची संख्या पंचेचाळीस हजारांच्या घरात गेली. हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. मला त्यातली कामाची पद्धत महत्त्वाची वाटते.

पीठ तिंबण्याचे काम केंद्रावर पहाटे होते. सभासद भगिनी सकाळी केंद्रावर येऊन तिंबलेले पीठ वजन करून घरी नेतात. घरी लाट्या करून पापड लाटतात, वाळवितात आणि दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड परत देऊन लाटणावळ घेतात. ज्या भगिनीच्या घरी पापड लाटण्यास व वाळविण्यास स्वच्छ जागा नसेल, तिला घरी लाटण्याचे काम देत नाहीत. ती केंद्रावर पीठ तिंबणे, पाकिटे भरणे अशी कामे करू शकते.

आता या रचनेकडे बारकाईने पाहावे. जे काम मध्येच सोडता येत नाही, म्हणजे डाळीच्या पिठाचे माप, मसाल्याचे प्रमाण, तिंबणे, ते केंद्राने स्वतःकडे ठेवले. घरी पाठविले ते लाटण्याचे. मूल रडले तर लाटणे खाली ठेवता येते. दोन मिनिटांनी परत येऊन पुढची लाटी घेतली तरी मागच्या पापडाचे काही बिघडत नाही. म्हणजे घरी नेलेले काम मुळातच तुकड्यातुकड्यांनी करता येण्यासारखे निवडलेले आहे. त्याच वेळी त्याला एक शेवटही आहे. तिंबलेले पीठ फार वेळ राहत नाही आणि उद्या सकाळी पापड परत द्यायचेच असतात. ‘नंतर बघू’ म्हणायला जागा नाही. मोजदाद तासांवर नसून मालावर आहे, आणि दाम बाईच्या स्वतःच्या हातात पडतो.

आणखी एक गोष्ट. पहिल्या पावसाळ्यात ऊन नसल्याने या भगिनींना चार महिने काम बंद ठेवावे लागले होते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह! ‘जास्त मेहनत करा’ असे कोणी कोणाला सांगितले नाही. अडचण कशाची आहे ते पाहून तेवढीच वस्तू आणली. घरी काम करणाऱ्या बाईचे काम मागे पडते तेव्हा दोष बहुधा तिच्या आळसात शोधला जातो. खाट-स्टोव्ह कोणता कमी आहे, हे आपण विचारीत नाही.

हे सर्व वाचल्यावर आम्ही घरच्या शिवणकामाकडे त्या दृष्टीने पाहिले. ब्लाउजच्या कामात माप काढून कापड बेतणे आणि गळ्याला अस्तर जुळविणे, ही न सोडता येणारी कामे. येथे लक्ष ढळले की कापड गेले. उलट हूक लावणे, काजे करणे, हातशिलाई, फॉल टाचणे ही सोडता येणारी कामे. पत्नी आधी गिऱ्हाइकाच्या क्रमाने काम करीत असे, एक ब्लाउज पूर्ण झाला की दुसरा. त्यामुळे बेतण्याची वेळ नेमकी मुलगा जागा असताना येई. आता ती आठवड्यातून दोनदाच बेतते, पाच-सहा ब्लाउज एकदम. तेवढा दीड तास मूल माझ्याकडे असते, सकाळी, बँकेत जाण्यापूर्वी. बाकीची हातशिलाई दिवसभर मुलाशेजारी बसून होते. सुया, कात्री आणि हुकांचा डबा उंच फळीवर ठेवायची सवय तेव्हापासून लागली. एकदा हूक मुलाच्या तोंडातून काढावा लागला होता. पुष्कळजण पहाटे चारला उठण्याचा सल्ला देतात. तिने तोही प्रयोग केला. महिनाभर चालला, मग आजारपण आले. झोप मोडून मिळविलेला वेळ हा माझ्या हिशेबी कर्ज काढून केलेला खर्च आहे, त्याचे व्याज पुढे भरावे लागते.

तो सकाळचा दीड तास मी देतो म्हणजे मोठे काही करतो, असे वाचकांनी समजू नये. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. त्यातही दिवसभरात अशा कामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१, तर पुरुष शेकडा २६. म्हणजे जवळजवळ पाच तास आधीच खर्ची पडलेल्या बाईला आपण ‘नियोजन कर’ म्हणतो! मुलाला सांभाळण्याची मिनिटे या २९९ मध्ये धरलेली नाहीत, ती वेगळी मोजली आहेत.

हा प्रश्न केवळ कमी शिकलेल्या भगिनींचा आहे असेही नाही. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याच्या कंपन्यांतून काम करणाऱ्या सुना आपल्याकडच्या गावांत लॅपटॉप घेऊन आल्या. आम्ही बँकवाले रोज कामावर जात होतो, त्या घरी बसून काम करीत होत्या. त्यांच्यापैकी एकीने सांगितले, की नवरा लॅपटॉपपुढे बसला की घरात सर्वजण हळू बोलत, आणि ती बसली की, “बसलीच आहेस तर जरा शेंगा सोल.” शिवणयंत्र असो की संगणक, घरातले काम हे काम दिसत नाही, हा अनुभव सारखाच. तिने पुढे दाराला पडदा लावला. पडदा ओढलेला असेल तर आत यायचे नाही, एवढा नियम सासूबाईंनी मान्य केला. तिच्या मते पगारवाढीपेक्षा त्या पडद्याचा उपयोग अधिक झाला.

दुसरे उदाहरण विडीचे. त्यात धडाही आहे आणि इशाराही. सिन्नर, संगमनेर, सोलापूर, सीमाभागात निपाणी, येथे हजारो स्त्रियांनी घरी तेंदूपाने आणि तंबाखू आणून विड्या वळल्या. कामाची मांडणी पापडासारखीच, सोडता-धरता येणारी. परंतु तंबाखूची धूळ त्याच खोलीत, मूल त्याच खोलीत, आणि हजाराचा आकडा भरेना म्हणून शाळेतून आलेली मुलगीही सुपासमोर. उत्पादन वाढले, पण कोणाच्या जिवावर? तेव्हा घरी कोणते काम आणावे, यालाही मर्यादा आहे. मात्र याच विडी कामगार स्त्रियांनी एक मोठी गोष्ट मिळविली. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्यांनाही कामगार मानले, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भविष्य निर्वाह निधी लागू असल्याचे मान्य केले. घर हे कामाचे ठिकाण आहे, हे येथे कागदावर आले.

बाळंतपणाच्या बाबतीत मात्र घरी काम करणारी आई अजून बाहेरच उभी आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. आईला त्या काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला, १९६१ साली देशाचा झाला, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर घरून काम करण्याची मुभाही मालकाच्या संमतीने मिळाली, आणि या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या गेल्या. विद्यार्थिनींनी हे माहीत करून घ्यावे, नोकरी लागल्यावर उपयोगी पडेल. पण जी स्वतःच मालक, स्वतःच मजूर, त्या आमच्या ब्लाउजवालीला रजा कोण देणार?

शेवटी माझ्या खात्याचा विषय, पैशाचा. आपला वडगाव निंबाळकरचा परिसर नीरा डाव्या कालव्याचा, ऊस आणि दुभत्या जनावरांचा. गोठ्यातले शेण, वैरण, धारा यांतले बरेचसे काम बाया करतात, मूल झोळीत घालून करतात. पण दुधाचे बिल ज्या खात्यात जमा होते त्यावर नाव बहुधा पुरुषाचे. शिवणकामाचे पैसे रोख येतात आणि डाळीच्या डब्यातून किराण्यात जातात. महिनाअखेरीस ‘तुझे काय उरले?’ म्हटले तर ‘काही नाही’. वास्तविक घर त्यावर चाललेले असते.

पत्नीने वेगळे खाते काढले ते याच कारणासाठी. त्याचबरोबर एका वहीत तीन गोष्टी लिहायला सुरुवात केली : किती ब्लाउज, दोरा-अस्तर-वीज यांचा खर्च किती, आणि अंदाजे किती तास. तीन महिन्यांनी असे दिसले की फॉल-पिको तासाच्या हिशेबाने साध्या ब्लाउजपेक्षा बरे पडते, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांची फुकटची ‘जरा एवढी शिवण घाल’ ही कामे आठवड्याचे चार तास खातात. त्या दिवसापासून तिने दुरुस्तीलाही दर लावला. दोघीजणी रुसल्या. एक परत आली. दुसरे असे, की कर्ज मागायला गेल्यावर अशी वही आणि खात्यावरचा नियमित भरणा हाच आमच्या टेबलावर पुरावा ठरतो. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचा पहिला प्रयोग सुरू केला, त्यामागेही हेच होते. तारण नसलेल्या बाईची नियमित बचत हीच तिची पत. त्याच्याही आधी, १९७५ मध्ये, प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र करून सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेकडे नेले होते. त्या बायाही आपापल्या खोलीतच, पोरांना सांभाळत, गिरणी कामगारांचे जेवण रांधीत होत्या.

तीन वर्षांवरच्या मुलांसाठी सकाळी अंगणवाडी आहे. खरी अडचण तीन वर्षांखालच्या मुलांची. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांचे निभावते, जेथे नाही तेथे आई एकटीच. आपल्या समितीचे सभागृह आठवड्याचे बहुतेक दिवस दुपारपर्यंत कुलूपबंद असते. अकरा ते एक या वेळात पाच-सहा आयांनी पाळीपाळीने तेथे मुले सांभाळावीत, म्हणजे प्रत्येकीला आठवड्यातून चार दिवस दोन तास मोकळे मिळतील, असा विचार काही भगिनींनी बोलून दाखविला आहे. झाडलोट कोणी करायची आणि किल्ली कोणाकडे राहील, एवढ्यावर तो अडला आहे. येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, असा अर्ज मी समितीकडे दिला आहे. किल्ली माझ्या घरी ठेवण्यास माझी हरकत नाही; घर सभागृहाजवळच आहे आणि पत्नी घरीच काम करते. अर्थात तिला विचारूनच हे लिहीत आहे.