जुळणी यंत्राची, सही सीएची

जमीन आणि भांडवल यांच्याइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, मोल माहिती व कौशल्य यांना ज्या समाजात येते त्याला ज्ञानाधिष्ठित समाज म्हणतात. पीटर ड्रकर यांनी १९५९ मध्येच ‘ज्ञानकर्मी’ ही कल्पना मांडून त्याची चाहूल दिली होती. अशा समाजात माहिती सर्वांच्याच हाती येते, त्यामुळे केवळ माहितगार म्हणून मान मिळवणाऱ्या व्यवसायांचे स्वरूप बदलणे अटळ ठरते. सनदी लेखापालाचा, म्हणजेच सीएचा, व्यवसाय याला अपवाद नाही. ‘हिशेब संगणकच करणार असेल, तर मुलाने सीए का व्हावे?’ हा पालकांचा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. फक्त त्यात हिशेब ठेवणे आणि हिशेब तपासणे या दोन कामांची गल्लत झालेली असते.

वस्तू व सेवा कराचेच उदाहरण घेतले तर हा फरक ध्यानात येतो. विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून खरेदीदाराला किती कराची वजावट मिळू शकते, हे दाखवणारे ‘जीएसटीआर-२बी’ हे विवरण साधारणपणे दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर आपोआप तयार होते आणि ते खरेदीच्या नोंदवहीशी ताडून पाहण्याचे काम सॉफ्टवेअर काही मिनिटांत उरकते. मात्र बिल जुळले म्हणजे माल आला असे होत नाही, आणि माल प्रत्यक्ष मिळाल्याशिवाय कायद्याने ही वजावट घेता येत नाही. म्हणून संशय येताच वाहतूकदाराची बिल्टी, ई-वे बिल आणि गोदामातील आवक यांचा मेळ घालावा लागतो. एकाच ट्रकच्या क्रमांकावर एकाच दिवशी दोन दूरच्या गावी माल उतरल्याचे दिसले, तर व्यापाऱ्याला, तो कितीही जुना अशील असो, अडचणीचा प्रश्न विचारावा लागतो. लेखापरीक्षणाच्या अहवालाखाली सही करणाऱ्या सीएवर व्यक्तिशः उत्तरदायित्व येते, आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरवर ढकलता येत नाही.

संशयाची जागा हेरणारी ही नजर सीएच्या कार्यालयातील उमेदवारीत, म्हणजे आर्टिकलशिपमध्ये, तयार होते. सीए अभ्यासक्रमाच्या २०२३ च्या नव्या योजनेत उमेदवारीचा कालावधी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला, त्यामुळे ती कोठे करावी हा निर्णय अधिकच मोलाचा झाला आहे. क्लासची निवड करताना घरोघरी जेवढा खल होतो, त्याच्या निम्माही या बाबतीत होत नाही. सगळा वेळ विवरणपत्रे भरण्यातच गेला, तर जे काम यंत्राकडे चालले आहे तेच विद्यार्थी शिकतो. प्रवेशापूर्वी त्या कार्यालयातील जुन्या उमेदवारांकडे चौकशी करावी: माल मोजणीला गोदामात नेतात का, अशिलासमोर बसू देतात का, आणि अहवालाचा मसुदा लाल शाईने दुरुस्त होऊन परत येतो की वाचल्याविना पुढे जातो?