पाण्यात तुझ्याबरोबर कोण होतं?

वाई
कोजागिरीचा दुसरा दिवस

बाळ्या,

तुझ्याविषयी एक गोष्ट कानावर आली आहे. फोनवर विचारलं असतं तर तू हसण्यावारी नेली असतीस, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. अक्षर लागलं नाही तर झूम कर, पण शेवटपर्यंत वाच.

तुझ्या खोलीतल्या मित्राची आई मराठी असोसिएशनच्या गणपतीत सगळ्यांना सांगत होती म्हणे, आणि मग तिनंच मला फोन केला. ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टनमधल्या आपल्या घरात तू बाथटबमध्ये तोंड बुडवून पडून राहतोस. आधी फस् फस् असा कपालभातीचा आवाज येतो आणि नंतर आत काहीच ऐकू येत नाही. तिचा मुलगा दाराबाहेर मोबाइलवर वेळ लावून उभा असतो. तलावावर पाण्याखालून फेऱ्या मारत होतास म्हणून लाइफगार्डनं शिट्टी मारून तुला बाहेर काढलं, तेही कळलं. शिवाय लेबर डेच्या सुट्टीत कामावरच्या पोरांबरोबर पाउआचे शिंपले काढायला दक्षिणेकडे निघाला आहेस.

आधी एवढंच सांग, त्या टबाजवळ आत कोण होतं? दाराबाहेरचं नको सांगूस.

आप्पांनी तुला कपालभाती शिकवली ती गच्चीवर, सतरंजी घालून, पोट रिकामं ठेवून. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून प्राणायामाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली, हे ते दर वेळी सांगायचे आणि तू जांभया द्यायचास. ती कपालभाती पाण्यात उतरण्याआधी करायला त्यांनी तुला सांगितलं नव्हतं. सतरंजीवर चक्कर आली तर माणूस आडवा होतो आणि त्याचा श्वास आपोआप चालू राहतो. पाण्यात चक्कर आली तर काय होतं ते तूच बघ.

मी सगळा जन्म वॉर्डात काढला, तेव्हा एवढं माझं ऐक. स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत खालच्या ड्रॉवरमध्ये, रबरबँडच्या डब्यामागे, कोविडातलं ऑक्सिमीटर आहे. खुर्चीत स्वस्थ बसून बोटाला लाव. आकडा 97, 98 असा काहीतरी येईल. म्हणजे साध्या श्वासानंच रक्त प्राणवायूनं जवळजवळ भरलेलं असतं. जोरजोरात श्वास घेऊन त्यात घालणार किती? उलट त्या फस् फस् करण्यानं कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो. श्वास घे, श्वास घे अशी जी आतून तगमग होते ती मुख्यतः त्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे. तो धुऊन टाकलास की तगमग उशिरा सुरू होते आणि तुला वाटतं आपला दम वाढला. दम तेवढाच असतो, फक्त इशारा मिळत नाही. मग कण्हणं नाही, धडपड नाही, एकदम शुद्धच जाते. दाराबाहेरच्या पोराला ऐकू काय येणार? तू दम धरलेला असतानाही शांतताच आणि बुडत असतानाही शांतताच.

खोल पाण्यात याच्या वर आणखी एक भानगड असते. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, फुफ्फुसं निम्मी होतात आणि त्या दाबामुळे उरलासुरला प्राणवायूही रक्ताला पुरतो. माणसाला वाटतं, अजून वेळ आहे. वर येताना दाब उतरतो आणि प्राणवायूचा तो आधारही एकदम सुटतो. म्हणून शुद्ध बहुधा शेवटच्या काही मीटरात जाते, उजेड दिसत असताना. कित्येकदा तर डोकं वर आल्यावर, एखाद-दुसरा श्वास घेतल्यानंतरही जाते.

आता बापूकाकांचं. आजीनं तुला सांगितलंय ते आसरांचं. मेणवलीच्या वाटेवरच्या आपल्या विहिरीत साती आसरा आहेत, बापू त्यांना आवडला आणि त्यांनी त्याला ठेवून घेतलं. आजी अजूनही वर्षातून एकदा तिथे जाऊन सात दगडांना हळदकुंकू लावते, ओटी भरते. तिला मी कधी दुसरं काही सांगितलं नाही, तूही सांगू नकोस.

पण मी तिथे होते. इंजिन बसलं होतं, मोट सुटली होती, थारोळं मात्र तसंच होतं. मुलींनी विहिरीत उतरायचं नाही असा घरचा दंडक, म्हणून मी थारोळ्यावर बसून आकडे मोजायची. पोरं मुटके मारायची आणि बापू तळाची माती मुठीत घेऊन यायचा. अख्ख्या आळीत त्याच्यासारखा पट्टीचा पोहणारा नव्हता. उडी मारण्याआधी तो उभ्या उभ्या भराभर श्वास घ्यायचा, सगळीच पोरं घ्यायची, त्याला ती दम भरून घेणं म्हणत. त्या दिवशी मी शंभर म्हटलं, एकशे दहा म्हटलं. आकडा वाढत होता आणि मला आनंद होत होता. मग पोरांच्या लक्षात आलं. एकानं बुडी मारली, त्याचा हात तळाला पुरला नाही. गडी शेतातून धावत येईपर्यंत जो वेळ गेला त्याचं मी पुढे कधी मोजमाप केलं नाही. मला पोहता येत नव्हतं. त्याच्या हातात माती होती.

मोठेपणी श्वसनाचा धडा शिकताना वर्गात बसल्या बसल्या मला ते सगळं उलगडलं. आसरा नाहीत, काही नाही. ऑकलंडात, पॅनम्युअरच्या तलावावर लहान मुलांच्या लेनमध्ये फळी धरून पाय मारायला शिकले तेव्हा माझे अर्धे केस पांढरे झाले होते. तू तेव्हा व्हिडिओवर बघून हसला होतास. त्या वयात शिकण्याऐवजी अकराव्या वर्षी शिकायला हवं होतं, असं आजही विहीर दिसली की वाटतं. नसतं जमलं त्याला वर आणायला, माहीत आहे मला. तरी वाटतं.

म्हणून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते आहे. काठावर मोजणारा माणूस सोबती नव्हे. सोबती पाण्यात हवा, तुझ्याएवढं खाली येऊ शकणारा हवा आणि तुला बाहेर कसं काढायचं हे हातानं केलेला हवा.

बंद कर असं मी म्हणत नाही. माझा दादा म्हणेल, मी म्हणणार नाही. पण शीक. ऑकलंडमध्ये फ्रीडायव्हिंग शिकवणारे लोक आहेत. आइडा ही या खेळाची जागतिक संघटना. तिच्या दुसऱ्या पायरीच्या अभ्यासक्रमात तलावात दोन मिनिटं दम धरणं आणि पाण्याखालून 40 मीटर जाणं एवढीच अपेक्षा असते, म्हणजे तू टबात करतोस त्याहून कमीच असेल. पण तिथे मूर्च्छित सोबत्याला वर आणणं गिरवून घेतात. तोंड पाण्याबाहेर धरायचं, मास्क काढायचा, गालावर फुंकर घालायची, थोपटायचं, नावानं हाक मारायची. बहुतेक वेळा तेवढ्यानं माणूस श्वास घेतो. हे वाचताना मला विहीर आठवली आणि पुस्तक मिटावं लागलं. असो.

नियमही काही अवघड नाहीत. एक खाली, तर एक वर. वरचा नुसता तरंगत बसत नाही, खालचा येताना दिसला की तो वाटेतच त्याला गाठतो आणि डोकं वर आल्यावरही अर्धा मिनिट त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढत नाही. जेवढा वेळ खाली, त्याच्या निदान दुप्पट वेळ वर विश्रांती. सर्दी असताना उतरायचं नाही, कान फुटतो. वेटसूट तरंगवतो म्हणून शिशाचा पट्टा बांधतात. तो इतका जड नको की दहा मीटरवर अंग सैल सोडलंस तर खालीच जाशील, आणि एका हातानं सुटला पाहिजे. निळापांढरा झेंडा लावल्याशिवाय बोटीवरून उतरू नका. त्या झेंड्यापासून 200 मीटरच्या आत बोटींनी पाच नॉटच्या वर जायचं नाही असा तिथला नियम आहे, पण झेंडाच नसेल तर बोटवाल्याला काय स्वप्न पडणार?

पाउआचं मला जास्त भय वाटतं. हवेची टाकी लावून तो काढायला मनाई आहे, दमावरच उतरावं लागतं. बहुतेक ठिकाणी 125 मिलिमीटरहून लहान घ्यायचा नाही. म्हणजे खाली जायचं, खडकाच्या कपारीत हात घालायचा, पट्टीनं मापायचा, लहान निघाला तर परत ठेवायचा, आणि तेवढ्यात शेजारी मोठा दिसतो. त्या दुसऱ्या मोठ्यापायी माणसं जातात. तुझे मित्र तुझ्या पाठीला पाठ लावून आपापला पाउआ शोधत असतील. चारजण पाण्यात असले आणि चारही खाली बघत असले तर तू एकटाच.

तू मला ट्रुब्रिजचे व्हिडिओ पाठवतोस. न्यूझीलंडचा तो पठ्ठ्या 2016 मध्ये बहामात फिन्स न लावता 102 मीटर खाली गेला. आता त्याला सोडून त्याच्या आजूबाजूला बघ. दोरी आहे, दोरीला तो बांधलेला आहे आणि वाटेत त्याला घ्यायला माणसं उतरलेली आहेत. आणि नताल्या मोल्चानोव्हाचंही वाच. नऊ मिनिटांहून अधिक दम धरणारी बाई, या खेळातल्या बायकांत तिच्यापुढे कुणी नव्हतं. ऑगस्ट 2015 मध्ये स्पेनच्या फॉर्मेंतेरा बेटाजवळ पाण्यात उतरली आणि सापडलीच नाही. स्पर्धा नव्हती, विक्रम नव्हता, तिच्या मानानं साधी बुडी होती.

फार बोलले. तुला राग आला असेल तर येऊ दे.

पण एक मला कळतं. दादाचं आणि तुझं बिनसल्यापासून तू फोनवर हवापाण्याचंच बोलतोस. पाण्याखाली कुणी काही विचारत नाही, असं तूच मला एकदा म्हणाला होतास, मौंगारेईच्या टेकडीवर फिरायला गेलो होतो तेव्हा. मी तेव्हा ऐकून घेतलं आणि पॅनम्युअरकडे बोट दाखवून काहीतरी दुसरंच बोलले. पाण्यात तोंड घातलं की हृदयाचे ठोके खरोखरच मंदावतात, ते शरीराचंच देणं आहे, मनाचे खेळ नव्हेत. तेव्हा तुला तिथे बरं वाटत असेल तर ते खरंच वाटत असणार. दादाशी मी बोलते आहे. हळूहळू करते आहे, त्याला आडून आडूनच घ्यावं लागतं. नोकरी सोडलीस म्हणून तू वाया गेलास असं या घरात आजीला वाटत नाही, मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर दादालाही वाटत नाही. तो बापूला, आपल्या भावाला मुकलेला आहे आणि तू पाण्यात जातोस हे त्याला माहीत आहे. त्याच्या रागात ते किती आणि नोकरीचं किती, हे त्याचं त्यालाच ठाऊक नसेल.

लेबर डेला जायचंच असेल तर लीजवळच्या गोट आयलंडला जा. 1975 पासून तिथे मासेमारी बंद आहे, स्नॅपर पायाशी येऊन घुटमळतात, कमरेएवढ्या पाण्यात मास्क लावून वाकलं तरी पुरतं. न्यायला काही नाही, मापायला काही नाही.

कोर्सची फी मी भरते. दादाला सांगायची गरज नाही. तिकीट मिळालं की नोव्हेंबरात येते. सोबत्याचा प्रश्न तरी सुटत नसेल आणि वयाची अट नसेल तर माझंही नाव घाल. खोल जाणं मला जमायचं नाही, पण तलावातलं ते गालावर फुंकर घालणं आणि हाक मारणं मला शिकायचं आहे.

तोवर टब भांडी धुवायला वापर.

तुझी
आत्या

ता. क. आजीनं मेतकूट केलंय. विमानतळावर जाहीर करून आणेन, त्यांनी काढून घेतलं तर माझ्यावर चिडू नकोस. पत्र वाचलंस की रात्री उशीर झाला असला तरी फोन कर, मी जागी असते.