गोल चौकटीचे माप

वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांची सचित्र सूची मोबाइलवर उपलब्ध व्हावी, या हेतूने आम्ही काही जणांनी एक छोटे अ‍ॅप तयार केले. नावाशेजारी गोल चौकटीत चेहरा, एवढीच त्याची रचना. भोजनगृहातील मावशींचेही छायाचित्र त्यात होते. त्यांनी ते मुलाच्या जुन्या, अरुंद पडद्याच्या आयफोनवर पाहिले आणि आम्हांस विचारले, "माझंच तोंड असं का कातरलंय?" पाहतो तो काय, चौकट गोल नव्हतीच! शंकरपाळ्याप्रमाणे तिला वर, खाली आणि दोन्ही बाजूंना टोके आली होती आणि मावशींच्या गालांचा काही भाग कापला गेला होता. आमच्या फोनवर मात्र सारे यथास्थित दिसत होते. हा दोष कसा उद्भवला आणि कसा दूर झाला, ते येथे सविस्तर मांडतो. संगणकाच्या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या आमच्या धाकट्या भावंडांना त्याचा उपयोग व्हावा.

पडद्यावरील प्रत्येक चौकट मुळात आयताकृती असते. तिचे कोपरे गोलाकार करण्यासाठी त्रिज्या द्यावी लागते. आयफोनच्या परिभाषेत तिला 'कॉर्नर रेडियस' म्हणतात. चौरसाच्या बाजूच्या निम्मी त्रिज्या दिली की चौरसाचे वर्तुळ होते. हे गणित शालेय आहे. चूक गणितात नव्हती, ते कोणत्या क्षणी केले यात होती.

२०१४ पूर्वीच्या सर्व आयफोनची रुंदी, उभ्या धरलेल्या पडद्यावर, ३२० पॉइंट इतकीच होती. त्या वर्षी आयफोन ६ ची रुंदी ३७५ आणि ६ प्लसची ४१४ झाली. आमची चौकट पडद्याच्या एक चतुर्थांश रुंदीची होती आणि आराखडा ३७५ रुंदीवर आखलेला होता. म्हणजे चौकट सुमारे ९४ पॉइंट आणि त्रिज्या ४७. मावशींच्या मुलाच्या ३२० रुंदीच्या फोनवर चौकट ८० ची झाली, तिला त्रिज्या हवी होती ४०. मिळाली ४७, म्हणून टोके आली. उलट ४१४ रुंदीवर ५२ हवी असताना ४७ च मिळते. तेथे चेहरा कापला जात नाही, पण वर्तुळाऐवजी गोलसर कोपऱ्यांचा चौकोन दिसतो.

प्रोग्रामला ही ४७ त्रिज्या मिळाली कोठून? आम्ही हिशेब 'व्ह्यू डिड लोड' या टप्प्यावर केला होता. त्या वेळी पडद्याचे घटक स्मृतीत आलेले असतात, पण त्यांची मापे अजून आराखड्यातील असतात. प्रत्यक्ष फोनच्या पडद्यानुसार मापे ठरविण्याचे काम २०१२ पासून उपलब्ध असलेली 'ऑटो लेआउट' ही व्यवस्था त्यानंतर करते. गेल्या वर्षीच्या मापाने गणवेश बेतावा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल चार बोटे वाढून यावे, तसा हा प्रकार. एक्सकोड ८ मध्ये तर मांडणीपूर्वी चौकटीचे माप १००० बाय १००० असे हाती येई. निम्मी त्रिज्या ५०० दिली की चौकट दिसेनाशीच होई. अँड्रॉइडवर 'ऑन क्रिएट' मध्ये रुंदी विचारली तर उत्तर शून्य येते आणि शून्याचे निम्मे शून्यच. कोपरे जसेच्या तसे चौकोनी राहतात.

आमचा पहिला उपाय, कबूल करावयास हवे, पळवाटीचा होता. एक दशांश सेकंद थांबून त्रिज्या द्यायची! चेहरा आधी चौकोनी दिसे आणि मग डोळ्यांदेखत गोल होई. संथ फोनवर तेवढा वेळ पुरेलच याची शाश्वती नव्हती. शिवाय फोन आडवा धरला की माप पुन्हा बदले, त्रिज्या मात्र जुनीच राही. किती वेळ थांबावे, हा प्रश्नच चुकीचा होता.

योग्य उपाय असा, की चौकटीसाठी स्वतंत्र वर्ग लिहावा आणि त्रिज्येची ओळ त्याच्या 'लेआउट सबव्ह्यूज' मध्ये ठेवावी. चौकटीचे माप बदलले की प्रणाली हे कार्य स्वतःहून पुन्हा बोलावते. पडद्याच्या 'व्ह्यू डिड लेआउट सबव्ह्यूज' मध्येही ही ओळ लिहिता येते. पण सूचीच्या ओळीत खोलवर असलेल्या चौकटीची मांडणी तोवर झालेली असेलच असे नाही, म्हणून आम्ही पहिली जागा पसंत केली. हे कार्य वारंवार घडते, हे ध्यानात ठेवावे. त्यात दर वेळी नवा स्तर जोडला तर स्तरांवर स्तर चढत जातात. आकाराचा मुखवटा एकदाच निर्माण करून त्याचा केवळ आकार बदलावा. सावली हवी असल्यास ती बाहेरच्या वेगळ्या चौकटीला द्यावी, कारण कोपऱ्यांबाहेरचे कापताना सावलीही कापली जाते.

अँड्रॉइडवर हेच काम 'ऑन साइझ चेंज्ड' मध्ये होते. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० पासून चौकटीची बाह्यरेषा सांगून त्याबाहेरचे कापण्याची सोयही आहे. २०१९ मध्ये आलेल्या स्विफ्टयूआयमध्ये तर आकडा द्यावाच लागत नाही. 'वर्तुळ' एवढे सांगावे, मापाचे ती पाहते. जुनी अ‍ॅप्स सांभाळणाऱ्यांच्या नशिबी मात्र आकडे आहेतच.

दुरुस्ती झाल्यावर आम्ही मुद्दाम तोच जुना फोन मागून घेतला. उभा धरला, आडवा केला, सूची वरखाली सरकवली; चौकट गोलच राहिली. मावशींनी चष्मा लावून बराच वेळ निरखले. मग म्हणाल्या, "आता नीट दिसतंय. पण फोटो बदला बाई, पदर वाकडा आलाय."